मांसोत्पादक गायींची गाभण तपासणी व विण्याचा हंगाम

मांसोत्पादनासाठी पाळलेल्या कळपातून वळू बाजूला काढल्यानंतर कोणती गाय गाभण आहे, किती दिवसांची आहे आणि कोणती रिकामी राहिली हे ठरवण्याच्या कामास गाभण तपासणी म्हणतात. दुधाळ गाय रोज धारेला येते, त्यामुळे ती उलटली (पुन्हा माजावर आली) तर लगेच लक्षात येते. कुरणावर मोकळ्या चरणाऱ्या गायीवर अशी रोजची नजर नसते. तपासणी केली नाही तर ती रिकामी असल्याचे थेट विण्याच्या दिवसांत कळते. तोवर तिला चाऱ्याच्या टंचाईचा अख्खा काळ पोसून झालेले असते. अशा गायीचे वर्षाचे उत्पन्न म्हणजे तिचे एक वासरू, त्यामुळे रिकामी गाय हा कळपातला सर्वांत मोठा छुपा खर्च ठरतो.

तपासणीतून ‘गाभण’ किंवा ‘रिकामी’ एवढेच लिहून घेणारे पशुपालक बरेच आहेत, पण खरी किंमत गर्भाच्या वयाला आहे. वय कळले की विण्याची तारीख कळते, आणि तारखांची यादी हाती आली की विण्याचा हंगाम योग्य वेळी ठेवला आहे का, याचा पुरावाच समोर येतो. म्हणून या दोन बाबींचा विचार एकत्र करावा लागतो.

दिवसांचा हिशेब

गायीचा गर्भकाळ सरासरी २८३ दिवसांचा असतो. जातीनुसार त्यात फरक पडतो: अँगसमध्ये तो किंचित कमी, तर ब्राह्मनसारख्या वशिंडाच्या जातींत २९० दिवसांच्या आसपास. नर वासरू एक-दोन दिवस जास्त घेते. वर्षातून एक वासरू हवे असेल तर ३६५ वजा २८३, म्हणजे व्याल्यानंतर ८२ दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहायला हवी. अंगाने चांगली, प्रौढ गाय साधारण ४५ ते ६० दिवसांत माजावर येते. पहिलारू मात्र ८० ते १०० दिवस घेते, कारण तिला दूध द्यायचे असते आणि स्वतःची वाढही पूर्ण करायची असते. पहिल्या विताच्या गायी पुढच्या वर्षी रिकाम्या निघतात त्यामागे बहुधा हेच गणित असते. त्यावर रुळलेला उपाय म्हणजे कालवडींना मोठ्या गायींच्या ३ ते ४ आठवडे आधी भरवणे (वळू दाखवणे), म्हणजे त्या आधी वितात आणि त्यांना सावरायला तेवढे दिवस जास्त मिळतात.

माजाचे चक्र २१ दिवसांचे असते. वळू ६३ दिवस कळपात ठेवला तर प्रत्येक गायीला तीन संधी मिळतात. उत्तर गोलार्धातील एक नमुना पाहू. १ जूनला वळू सोडला आणि ३ ऑगस्टला काढला, तर पहिली वासरे ११ मार्चच्या सुमारास आणि शेवटची १३ मेच्या सुमारास होतील. १७ सप्टेंबरला तपासणी केली तर सर्वांत धाकटा गर्भ ४५ दिवसांचा आणि सर्वांत मोठा १०८ दिवसांचा असेल. हाताने किंवा सोनोग्राफीने वय अचूक सांगण्यासाठी हाच पट्टा सर्वांत सोयीचा. तीच तपासणी वासरे आईच्या दुधापासून तोडण्याच्या वेळेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबवली तर मोठे गर्भ साडेपाच महिन्यांचे झालेले असतात. गाभण-रिकामी तेव्हाही कळते, पण पहिल्या २१ दिवसांत राहिलेली कोणती आणि दुसऱ्या २१ दिवसांतली कोणती हे अंदाजावर येते. दोन्ही कामे एकाच दिवशी उरकली की गायी खोड्यात एकदाच घ्याव्या लागतात हे खरे. त्या सोयीची किंमत मात्र अचूकतेने मोजावी लागते.

हाताने तपासणी

ही सर्वांत जुनी पद्धत असून सरावलेल्या पशुवैद्यकाच्या हाताला आजही तोड नाही. गाय खोड्यात घट्ट धरली जाते आणि तिच्या मागे आडवे फाटक लावले जाते. मागची गाय पुढे घुसली तर तपासणाऱ्याचा हात मोडू शकतो, म्हणून हे फाटक टाळू नये. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा घालून, भरपूर वंगण लावून हात गुदाशयात घालतात, शेण काढतात आणि गुदाशयाच्या भिंतीतून खालचे गर्भाशय चाचपतात. गाय कुंथू लागली की हात स्थिर ठेवायचा, जोर करायचा नाही. मोज्यावर ताजे रक्त दिसले तर तिथेच थांबावे. गुदाशय फाटला तर गाय दगावू शकते.

गाभणपणाच्या पक्क्या मानल्या जाणाऱ्या खुणा चारच. पहिली, वारेचा पडदा चिमटीतून निसटणे: गर्भाशयाचे शिंग (त्याच्या दोन फांद्यांपैकी एक) अलगद चिमटीत धरून उचलले की आतला पातळ पडदा आधी सटकतो आणि मग गर्भाशयाची भिंत सुटते. ही खूण ३५ दिवसांच्या आसपास हाताला लागू लागते. दुसरी, गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी. तिसरी, वार जिथे गर्भाशयाला चिकटते त्या बटणासारख्या गाठी. त्या साधारण ७५ दिवसांपासून कळतात. चौथी, प्रत्यक्ष गर्भ. यांपैकी एकही हाताला लागली नसेल तर केवळ एक शिंग मोठे वाटले म्हणून गाय गाभण लिहू नये. गर्भाशयात पू साचला असेल किंवा गर्भ आत वाळला असेल तरीही गर्भाशय मोठे लागते, आणि भरलेले मूत्राशय नवशिक्यांना नेहमी चकवते.

पाण्याची पिशवी चाचपताना विशेष जपावे लागते. ३५ ते ४० दिवसांच्या गर्भाची पिशवी दाबली गेली तर गर्भ जाऊ शकतो, तसेच वासराच्या आतड्याचा काही भाग न बनण्याचा जन्मदोषही याच काळातल्या दाबाशी जोडला जातो. कुशल हाताने अलगद केलेल्या तपासणीत धोका कमी असतो. तरीही घाई नसेल तर ४५ दिवसांपर्यंत थांबलेले बरे.

वय ठरवताना दोन महिन्यांचा गर्भ सुमारे ६ सेंमी., तीन महिन्यांचा १५ सेंमी. आणि चार महिन्यांचा २५ सेंमी. धरतात. तिसऱ्या महिन्यात गर्भाशय श्रोणीच्या कडेवरून खाली पोटात घसरू लागते. चौथ्या महिन्यापासून गर्भाशयाच्या मधल्या रोहिणीत (धमनीत) नाडीच्या ठोक्याऐवजी एकसारखी थरथर जाणवते. मांडीची रोहिणी जागची हलत नाही, ही मात्र बोटांनी इकडेतिकडे सरकवता येते. दोहोंतला फरक ओळखायची हीच खूण. पाच-सहा महिन्यांच्या गायींत गर्भ इतका खोल उतरतो की बऱ्याचदा हाताला लागतच नाही. तेव्हा गाठींचा आकार आणि रोहिणीची थरथर यांवरच वय सांगावे लागते, आणि महिनाभराची चूक सहज होते. सातव्या महिन्यानंतर गर्भ पुन्हा हाताच्या टप्प्यात येतो.

सोनोग्राफी व रक्ततपासणी

सोनोग्राफीत बहुधा ५ मेगाहर्ट्‌झचा सरळ प्रोब गुदमार्गे वापरतात. २८ ते ३० दिवसांपासून गर्भ दिसतो आणि त्याच्या हृदयाची धडधड दिसत असल्याने तो जिवंत असल्याची खात्री होते. जुळी वासरे कळतात, आणि ६० ते ८० दिवसांच्या दरम्यान गर्भ नर की मादी हेही सांगता येते. हात आत न घालता लांब दांड्यावर बसवलेला प्रोब वापरणारे तपासनीस झपाट्याने काम करतात, पण गर्भाशय पोटात खोल गेल्यावर त्या दांड्याला मर्यादा पडतात. वय अचूक हवे तर १२० दिवसांच्या आतच सोनोग्राफी करावी.

रक्ततपासणीत वारेच्या पेशींतून गायीच्या रक्तात येणारी विशिष्ट प्रथिने शोधतात. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूच्या शिरेतून सुमारे २ मिली. रक्त पुरते आणि ते पशुपालक स्वतः घेऊ शकतो. प्रत्येक गायीला नवी सुई हवी: आदल्या गायीच्या रक्ताचा अंश मिसळला तर निकाल बिघडतो, शिवाय रक्तातून पसरणारे रोगही वाटले जातात. नमुना गाय भरवल्यानंतर किमान २८ दिवसांनी घ्यावा. आदल्या गर्भाची प्रथिने रक्तात रेंगाळतात, म्हणून व्याल्यानंतरही, वापरलेल्या चाचणीप्रमाणे, ६० ते ७३ दिवस उलटलेले असावेत. गर्भ नुकताच मेला असेल तरी चाचणी काही दिवस गाय गाभण दाखवते, त्यामुळे तिचा ‘रिकामी’ हा निकाल ‘गाभण’पेक्षा जास्त भरवशाचा असतो. गर्भाचे वय मात्र ती सांगत नाही, आणि हंगाम नेमका बसवायचा असलेल्या कळपाला हीच तिची मोठी उणीव.

कोणतीही पद्धत वापरली तरी ३० दिवसांना गाभण आढळलेल्या काही गायींचे गर्भ पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जातात. लवकर तपासलेला कळप ६० दिवसांनंतर पुन्हा पाहावा लागतो. चुकीच्या निकालाचा सर्वांत महागडा परिणाम औषधाच्या वेळी दिसतो. रिकामी समजून प्रोस्टाग्लँडिन (गायीला माजावर आणणारे औषध) टोचलेली गाय पाच महिन्यांच्या आतली गाभण असेल तर ती गाभडते.

निकाल कसा वाचावा

खोड्याजवळ एक माणूस फक्त लिहायला असावा: कानाचा बिल्ला, वय, गर्भाचे दिवस आणि १ (अगदी हडकुळी) ते ९ (अति लठ्ठ) या मापावर अंगाची भरण. चांगल्या कळपात ६३ दिवसांच्या हंगामात दहातल्या नऊ किंवा अधिक गायी गाभण निघतात आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्के पहिल्या २१ दिवसांतल्या असतात.

आकडा घसरला तर तो कुठे घसरला हे पाहावे. रिकाम्या गायी मुख्यतः पहिलारू आणि हडकुळ्या असतील तर दोष चाऱ्याचा. सगळ्याच वयाच्या गायी उशिरा राहिल्या असतील तर संशय वळूवर जातो: लंगडेपणा, ताप, खराब वीर्य, किंवा एका वळूमागे २५ ते ३० हून जास्त गायी. गायी आधी राहून मग मोठ्या संख्येने उलटल्या असतील तर ट्रायकोमोनास किंवा कॅम्पिलोबॅक्टर या भरवताना पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी करावी. ट्रायकोमोनास म्हाताऱ्या वळूच्या शिश्नाच्या आवरणातील घड्यांत मुक्काम करतो आणि वळू वरून ठणठणीत दिसतो. तपासणीच्या वेळी बारीक दिसलेल्या गायींना वेगळे काढून खुराक द्यायला याहून चांगली वेळ नाही. या मापावर एक अंक चढवायला ३५ ते ४५ किलो वजन लागते, आणि व्याल्यावर दुधाच्या ओढीने ते चढवणे जवळजवळ अशक्य होते. विताना प्रौढ गाय ५ वर आणि पहिलारू ६ वर असावी.

विण्याची वेळ निवडणे

गायीची अन्नाची गरज वर्षभर सारखी नसते. वासरू तोडल्यानंतरच्या मधल्या गर्भकाळात ती सर्वांत कमी असते, आणि व्याल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, दूध शिगेला असताना, त्या किमान गरजेच्या सुमारे दीडपट होते. पुन्हा माजावर येण्याचे दिवसही तेच. हंगाम निवडण्याचा मूळ नियम यातून निघतो: कुरणाची हिरवी भर आणि गरजेची ही शीग एकावर एक यायला हवी. म्हणून गवत फुटण्याच्या सुमारास किंवा त्याच्या महिनाभर आधी विणे सुरू करतात. त्याहून बरेच आधी व्यालेल्या गायीची वासरे तोडताना मोठी असतात (दूध पिणारे वासरू दिवसाला सुमारे पाऊण ते एक किलो वाढते, म्हणजे २१ दिवसांचा फरक १५ ते २० किलोंचा), पण तेवढे दिवस तिला साठवलेल्या चाऱ्यावर ठेवावे लागते. वासराच्या वजनाचा मोह धरून हंगाम अलीकडे खेचणारे अनेक कळप हे जास्तीचे किलो चाऱ्याच्या खर्चात घालवून बसतात.

हवामानाची अडचण दोन्ही टोकांना आहे. ओले नवजात वासरू थंडीवाऱ्यात लवकर गारठते आणि गारठलेले वासरू उठून चीक पीत नाही. दुसऱ्या टोकाला, विणे उशिरा ठेवले तर भरवण्याचे दिवस ऐन उन्हाळ्यात जातात. गाय राहिल्यानंतरचा पहिला आठवडा गर्भाला उष्णता सर्वांत जास्त बाधते, आणि वळूचे वीर्य तयार व्हायला सुमारे ६० दिवस लागत असल्याने उन्हाच्या एका लाटेचा परिणाम पुढे दोन महिने रेंगाळतो. उत्तर ऑस्ट्रेलियासारख्या उष्ण प्रदेशात गायी पावसाळ्याच्या तोंडावर वितील असे पाहतात.

हगवण हा तिसरा मुद्दा. आधी जन्मलेली वासरे जंतूंची संख्या वाढवतात आणि मागून जन्मलेली त्यांना बळी पडतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स भागात यावर बसवलेल्या पद्धतीत न व्यालेल्या गायी साधारण दर आठवड्याला स्वच्छ कुरणात हलवतात आणि व्यालेल्या वासरांसह मागेच ठेवतात, म्हणजे एका कुरणातील वासरांच्या वयात आठवड्याहून फारसा फरक राहत नाही. तपासणीत गायींचे लवकर, मधल्या आणि उशिरा विणाऱ्या असे गट पाडलेले असतील तर हे हलवणे पुष्कळ सोपे जाते.

हंगाम बदलायचा झाल्यास पुढे ढकलणे सोपे असते. वळू उशिरा सोडला की झाले, आणि मागे राहिलेल्या गायींनाही सावरायला वेळ मिळतो. मात्र त्या एका वर्षी वासरे हलकी भरतात. हंगाम अलीकडे आणणे अवघड असते, कारण ८२ दिवसांचे गणित आवळता येत नाही. दरवर्षी थोडे थोडे, मुख्यतः नव्या कालवडी लवकर भरवून ते साधावे लागते. लांबलेला हंगाम आखडायचा असेल तर वळू लगेच लवकर काढण्याची गरज नाही. तो नेहमीइतकाच ठेवावा आणि तपासणीत उशिराच्या निघालेल्या गायी, उशिरा विण्याचा हंगाम असलेल्या दुसऱ्या कळपाला गाभण म्हणून विकाव्यात. रिकामी म्हणून विकलेल्या गायीपेक्षा त्यांना सहसा चांगला भाव येतो.