मेसन, जॉर्ज

(११ डिसेंबर १७२५ – ७ ऑक्टोबर १७९२). अमेरिकेतील व्हर्जिनिया या वसाहतीतील (पुढे राज्यातील) तंबाखूचा मळेवाला, राजकारणी आणि व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक. तो नऊ वर्षांचा असताना वडील पोटोमॅक नदीत होडी उलटून बुडाले. पुढे जॉन मर्सर या वकील नातलगाच्या मोठ्या ग्रंथसंग्रहावर त्याचे वाचन पोसले; स्वतः मात्र तो वकील झाला नाही. १७५० मध्ये अ‍ॅन आइलबेकशी त्याचे लग्न झाले आणि त्याच दशकात पोटोमॅकच्या काठी त्याचा गन्स्टन हॉल हा वाडा उभा राहिला. पायाच्या सांधेदुखीने तो कायम बेजार असे. घर सोडणे त्याच्या जिवावर येई.

१७७६ च्या मे महिन्यात विल्यम्सबर्ग येथे भरलेल्या व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींच्या अधिवेशनात त्याने जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला : सर्व माणसे जन्मतः सारखीच स्वतंत्र आहेत. त्यावर सभासद अडले. हे मान्य केले, तर गुलामांचे काय? अखेर ‘समाजात प्रवेश करताना’ असे शब्द घालून वाट काढण्यात आली, म्हणजे गुलाम समाजाचे घटकच नाहीत असे म्हणता येईल. एवढ्या दुरुस्तीने लाखो माणसे त्या वाक्याबाहेर गेली. जाहीरनामा १२ जून रोजी मंजूर झाला.

१७८७ मध्ये अमेरिकेचे संविधान तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या संविधान सभेत त्याने गुलामांच्या व्यापारावर कडाडून टीका केली. गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी असतो, असे तो म्हणाला. संविधानात हक्कांचा जाहीरनामा नाही, हा त्याचा पहिला आक्षेप होता. शेवटपर्यंत थांबूनही सही न करणाऱ्या तिघांपैकी तो एक. या हट्टापायी शेजारी जॉर्ज वॉशिंग्टनशी असलेली त्याची जुनी मैत्री तुटली, पण हट्ट रास्त होता : १५ डिसेंबर १७९१ रोजी हक्कांची हमी देणाऱ्या संविधानाच्या पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या आणि त्यांवर त्याच्या मसुद्याची छाप स्पष्ट दिसते.

त्याच्या मुलाने, जॉनने, लिहून ठेवलेल्या आठवणींत गन्स्टन हॉलचा कारभार दिसतो. सुतार, लोहार, चांभार, कातडी कमावणारे, पिंपे करणारे, सूत कातणाऱ्या, विणकाम करणारे असे सगळे कारागीर घरचेच आणि गुलाम होते. ‘लॉग टाउन’ नावाची त्यांची एक वस्ती ओंडक्यांच्या घरांची होती. मेसनच्या विचारांचा आदर करतानाही ही वस्ती नजरेआड करता येत नाही. पत्नी वारल्यावर १७७३ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्याने गुलाम नावानिशी मुलांमध्ये वाटले. पुढे जवळपास वीस वर्षे तो जगला, पण त्यांना मुक्त केले नाही.