गुंतागुंतीच्या भगंदरावरील शस्त्रक्रिया

गुदमार्गातील ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन गळू होते. ते फुटल्यावर किंवा चिरल्यावर आतल्या छिद्रापासून बाहेरच्या कातडीपर्यंत पू वाहणारी नळी मागे उरते, तिला भगंदर म्हणतात. नळी उथळ असेल तर ती उभी चिरून उघडी ठेवतात आणि जखम तळातून भरत येते. गुंतागुंतीच्या भगंदरात हे चालत नाही. इथे नळी बाह्य स्फिंक्टर स्नायूच्या (शौच रोखून धरणाऱ्या बाहेरच्या वर्तुळाकार स्नायूच्या) ३० टक्क्यांहून अधिक भागातून गेलेली असते, किंवा घोड्याच्या नालाच्या आकारात दोन्ही बाजूंना पसरलेली असते. कधी तिला फाटे असतात, कधी ती शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवलेली असते, तर कधी मुळाशी क्षय किंवा क्रोन रोग (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) असतो. स्त्रियांमधला पुढच्या बाजूचा भगंदरही याच गटात धरतात, कारण तिथे स्नायू मुळातच आखूड असतो. अशी नळी सरसकट चिरली तर पू थांबेल, पण वायू आणि पातळ शौच रोखता येणार नाही.

नळी स्नायूंच्या कोणत्या थरातून जाते, यावर ॲलन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. हा मार्ग एमआरआयमध्ये दिसतो. नळीत औषध भरून काढलेल्या जुन्या एक्स-रेवर विसंबू नये. टेबलावर कमरेखाली भूल दिल्यावर बाहेरच्या छिद्रातून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि आत बुडबुडे कुठे येतात ते पाहतात. बाहेरचे छिद्र मागच्या बाजूला असेल तर नळी बहुधा वळण घेऊन मागच्या मध्यरेषेवर उघडते. आतले छिद्र सापडत नाही म्हणून प्रोब (नळीचा माग काढणारी बारीक सळई) जोर लावून घुसवणे ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत महाग पडणारी चूक: त्यातून खोटी वाट तयार होते आणि साधा भगंदर अवघड होऊन बसतो.

पू साचलेला असताना कायमची शस्त्रक्रिया करत नाहीत. आधी तो वाट देऊन बाहेर काढतात आणि नळीतून सैल सीटन, म्हणजे नळी उघडी ठेवणारा दोरा, ओवतात. सिलिकॉनची बारीक दोरी त्यासाठी सोयीची. ती ८ ते १२ आठवडे राहते. एवढ्या काळात निचरा होऊन नळी आकसते, तिच्या भिंती घट्ट होतात. क्षारसूत्र (नळी हळूहळू कापणारा आयुर्वेदातला औषधी धागा) ठाऊक असलेले रुग्ण दोरा आवळत का नाहीत, असे विचारतात. या सीटनचे काम निचऱ्याचे आहे, कापण्याचे नाही. याच वेळी नळीच्या भिंतीचा तुकडा तपासणीला जातो. तो सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला तर क्षयाची जीनएक्स्पर्ट किंवा कल्चर तपासणी होत नाही, म्हणून अर्धा भाग नॉर्मल सलाइनमध्ये वेगळा ठेवावा. विदर्भात वारंवार उलटणाऱ्या भगंदरात ही तपासणी टाळणे परवडणारे नाही. क्षय निघाला तर आधी औषधे.

लिफ्ट (LIFT), म्हणजे दोन स्फिंक्टर स्नायूंच्या मध्ये नळी बांधून कापण्याची पद्धत, बँकॉकचे अरुण रोजनसकुल यांनी २००७ मध्ये मांडली. दोन स्फिंक्टर स्नायूंमधल्या खाचेवर २ ते ३ सेंटीमीटरचा वक्र छेद घेतात. दोघांच्या मधून खाली उतरून नळी चहूबाजूंनी मोकळी करतात, आतल्या स्फिंक्टरच्या अगदी लगत विरघळणाऱ्या धाग्याने बांधतात आणि मग कापतात. बाहेरचा भाग खरवडून छिद्र रुंद करतात, म्हणजे तिथे पू कोंडत नाही. स्नायू कुठेच कापला जात नाही. यश साधारण ६० ते ७५ टक्के. गाठ स्नायूपासून दूर बसली तर मधला तुकडा शिल्लक राहतो आणि तोच पुन्हा पुवाळतो. मात्र लिफ्ट फसली तरी कित्येकदा उरलेली नळी दोन स्नायूंच्या मध्येच संपते आणि मग ती चिरून उघडता येते. आतल्या अस्तराची झडप सरकवून छिद्र झाकण्याच्या पद्धतीत अशी सवलत नाही. त्या झडपेचा पाया टोकाच्या दुप्पट रुंद लागतो. ती ताणून शिवली की रक्तपुरवठा तुटतो आणि टाके सुटतात.

लेझरची जाहिरात फार होते. लेझर नळीची भिंत आतून भाजते, पण आतले छिद्र नीट बंद केले नाही तर रोग जागेवरच राहतो. दुर्बिणीच्या पद्धतीचेही तेच.

नागपुरात सक्करदरा चौकाजवळच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयामुळे क्षारसूत्राची चांगली ओळख आहे. २० नंबरच्या लिनन धाग्यावर थोराच्या चिकाचे ११, चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे ७, चीक आणि हळदीचे ३ असे २१ थर चढवतात. दर आठवड्याला नवा धागा जुन्याला बांधून ओढून घेतात. आठवड्याला साधारण एक सेंटीमीटर नळी कापली जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ मधल्या चाचणीत क्षारसूत्रानंतर भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. बरे व्हायला वेळ मात्र दुप्पट लागला. तरी उंचावरच्या नळीत हा धागाही स्नायू कापतोच, हळूहळू एवढेच. शिवाय गडचिरोली किंवा बालाघाटहून दर आठवड्याला येणे जमेल का, हे आधीच विचारून घ्यावे. मध्येच फेऱ्या बंद पडल्या तर अर्धवट कापलेली नळी तशीच वाहत राहते.

शस्त्रक्रियेनंतर दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचानंतर न चुकता, १० ते १५ मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसावे. मलम भरपूर थापल्याने जखम लवकर भरत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, घाम येतो, पाणी कमी पडून शौच कडक होते आणि टाक्यांवर ताण येतो; म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी हवेच. सावजी रश्शाने भगंदर होत नाही, पण पहिल्या पंधरवड्यात तो टाळलेला बरा. ताप, वाढता ठणका किंवा पहिल्या रात्री लघवी अडणे ही फोनवर निस्तरायची लक्षणे नव्हेत, लगेच दाखवावे.