नवीन गाडी इथूनच घेऊन जायची का तिकडे गेल्यावर घ्यायची? (पुण्याहून बंगलोरला शिफ्ट होणाऱ्या ग्राहकांसाठी)

ट्रक केवढा लागेल, पॅकिंगला माणसं किती येतील हे विचारायला फोन येतो आणि बोलता बोलता प्रश्न निघतोच, की नवीन गाडी पण घ्यायचीय, इथेच घेऊन तुमच्या कॅरियरवर टाकू का तिकडे जाऊन बघू. आम्ही सामान नेतो, गाड्या नेतो, आरटीओची कागदपत्रं पण करून देतो, म्हणजे तुम्ही गाडी इथून नेली तर आमचं काम वाढतंच. तरीही बहुतेकांना आम्ही सांगतो की थांबा, तिकडे जाऊन घ्या. असं का सांगतो ते बुकिंगची रक्कम भरायच्या आधी वाचून घ्या.

सगळी भानगड रोड टॅक्सची आहे

गाडीची शोरूम किंमत दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते कारण जीएसटी देशभर एकच आहे, सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांना 18 टक्के. रोड टॅक्स मात्र राज्याचा, आणि तो पंधरा वर्षांचा एकदमच भरायचा. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर 10 लाखांच्या आतली पेट्रोल गाडी घेतली तर 11 टक्के, डिझेल असेल तर 13. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीला 14 टक्के आणि त्या टॅक्सवर परत सेस. 9 लाखांची पेट्रोल गाडी धरली तर इथे साधारण 99 हजार आणि तिथे 1 लाख 26 हजार अधिक सेस. हे आकडे बघून लोक म्हणतात अरे मग इथेच घेऊ ना, पंचवीस-तीस हजार वाचतील.

वाचत नाहीत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि तिथला नंबर घ्यायचा म्हणजे तिथला टॅक्स भरायचा. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात थोडी सूट मिळते पण वर्षभराच्या गाडीला ती अगदीच कमी असते. म्हणजे 99 हजार इथे भरलेले, वर लाखाच्या पुढची रक्कम तिथे भरायची, आणि मग इथल्या आरटीओकडे उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा रिफंड मागायचा. रिफंड मिळतो, तो तुमचा हक्कच आहे, पण नवीन नंबरची आरसी हातात आल्याशिवाय अर्जच करता येत नाही आणि त्यानंतरही वाट बघावी लागते. घर बदललेलं असतं, डिपॉझिट भरलेलं असतं, मुलांच्या शाळेची फी असते, आणि नेमक्या त्याच वर्षी तुमचा एक लाख रुपया सरकारी फायलीत अडकून बसतो. आमचा आग्रह आहे तो एवढ्याचसाठी.

एक गैरसमज अजूनही ऐकू येतो की बंगलोरला गेल्यावर 30 दिवसांत टॅक्स भरावा लागतो. कर्नाटकाने 2014 मध्ये तसा नियम आणला होता पण 2016 मध्ये कर्नाटक हायकोर्टाने तो रद्द केला. मुदत 12 महिन्यांचीच. फक्त रस्त्यात एमएच 12 किंवा एमएच 14 ची पाटी बघून थांबवलं तर गाडी कर्नाटकात कधी आली हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे, म्हणून फास्टॅगचं स्टेटमेंट, आमची बिल्टी (सामान-गाडी नेल्याची पावती) आणि भाडेकराराची कॉपी गाडीतच ठेवा.

मग इथून कोणी घ्यावी

ज्यांचं पोस्टिंगच सात-आठ महिन्यांचं आहे आणि परत पुण्यात यायचंय त्यांनी खुशाल इथे घ्यावी, वर्षाच्या आत परत आलात तर नंबर बदलायचा प्रश्नच येत नाही.

दुसरे म्हणजे बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा 'भारत' नंबर, मिळू शकणारे. सप्टेंबर 2021 पासून ही सोय आहे. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, सैन्यदलातले, बँका आणि सरकारी कंपन्यांतले, आणि ज्या खाजगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले लोक यात बसतात, खाजगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म 60 (तिथे नोकरीला असल्याचा दाखला) भरून घ्यावा लागतो. टॅक्स एकदम पंधरा वर्षांचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा, 10 लाखांच्या आतल्या गाडीला दर 8 टक्के आणि तो पण जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवर. त्यामुळे सुरुवातीला लाखाच्या जागी काही हजारांतच काम होतं आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. पुढचा हप्ता भरायची तारीख मात्र चुकवू नका, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये दंड लागतो. आणखी एक, बीएचच्या बाबतीत सगळी राज्यं सारखी वागत नाहीत, खाजगी नोकरीवाल्यांना काही ठिकाणी जास्त त्रास होतो, म्हणून फॉर्म 60 मिळणार असेल तर गाडी महाराष्ट्रातच पास करून निघा. हा एकच प्रकार असा आहे की ज्यात आम्ही स्वतःहून सांगतो की आधी घ्या.

तिसरं कारण लोनचं. नोकरी बदलून जात असाल तर नवीन कंपनीच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हातात येईपर्यंत बऱ्याच बँका लोन देताना का कू करतात. इथल्या जुन्या बँकेत आज चांगल्या दराने मिळतंय तर मोह होणारच, पण बँकेला नोकरी बदलतोय हे सांगूनच अर्ज करा. आणि लक्षात घ्या, लोनवरच्या गाडीचा नंबर पुढे बदलायचा म्हटलं की बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आधी लागते, बँकेच्या फेऱ्या वाढतात. तीन महिने कॅब आणि मेट्रोवर काढता येत असतील तर काढा असं आमचं मत. त्या तीन महिन्यांत ऑफिसचा रोजचा रस्ता कळतो, सोसायटीत पार्किंग कव्हर्ड आहे का उघडं ते कळतं, इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर चार्जर लावू देतात का ते कळतं, आणि मोठी गाडी घ्यायची का छोटी याचं उत्तर आपोआप मिळतं.

पण पूजा आपल्या दारात हवी असेल तर?

आई-बाबांचं म्हणणं असतं की पहिली गाडी आहे, पाडव्याला किंवा दसऱ्याला आपल्या घरासमोर पूजा होऊ दे. हे आम्हाला मनापासून पटतं. यावर कायद्यात बसणारा रस्ता आहे. गाडी पुण्यात घ्या पण इथे कायमचं पासिंग करू नका, टेम्पररी रजिस्ट्रेशन करून घ्या, ते जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी मिळतं, आणि पर्मनंट नंबर बंगलोरला जाऊन घ्या. असं केलं की मोठा टॅक्स एकदाच आणि तिथेच भरला जातो. पण इथला डीलर तिथलं पासिंग करून देणार नाही. फॉर्म 20, 21, 22, इन्शुरन्स, टेम्पररीचा कागद आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा घेऊन तुम्हालाच तिथल्या आरटीओत गाडी दाखवायला न्यावी लागते. म्हणून घर पक्कं झालेलं नसेल तर या वाटेला जाऊ नका, भाडेकराराशिवाय सगळं अडतं. आणि मुहूर्तच बघायचा असेल तर आपल्या पाडव्यादिवशीच तिथे उगादी असते, दसऱ्याच्या सुमारास आयुधपूजेला तिथली माणसं गाड्यांची पूजा आपल्याइतक्याच हौसेने करतात, तेव्हा आई-बाबांना चार दिवस तिकडे बोलवून घ्यायला पण हरकत नाही.

जुनी गाडी आहे तिचं काय करायचं

जुनी विकून तिकडे नवीन घेणार असाल तर विकताना इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र नक्की मागून घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो आणि पत्र तीन वर्षं चालतं, नवीन गाडीच्या प्रीमियममध्ये चांगली घसघशीत सूट मिळते. घाईघाईत गाडी विकून लोक हे विसरतात आणि मग फार वाईट वाटतं.

जुनीच घेऊन जाणार असाल तर इथल्या आरटीओच्या एनओसीचं काम निघायच्या आधी करा, तिकडून पुण्याच्या चकरा मारणं महाग पडतं. फॉर्म 28 (एनओसीचा अर्ज), आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, लोन असेल तर बँकेचं पत्र. ई-चलन बाकी असेल तर आधी भरून टाका, आणि एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवून घ्या, नाहीतर आरटीओत काम पुढे सरकत नाही.

राज्यातल्या राज्यात, म्हणजे नागपूर ते पुणे किंवा पुणे ते कोल्हापूर जाणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. टॅक्स पुन्हा भरायचा नाही, नंबर तोच, फक्त 30 दिवसांत आरसीवर पत्ता बदलून घ्या.

चालवत नेणार का कॅरियरवर

पुणे ते बंगलोर साताऱ्यावरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग असं साधारण 840 किलोमीटर होतं. अगदी नवी कोरी गाडी असेल तर पहिले हजारेक किलोमीटर इंजिनला एकाच स्पीडवर तासन् तास पळवायचं नसतं, म्हणून चालवत नेलीत तर एका दमात जाऊ नका, हुबळीला मुक्काम करा आणि पोचल्यावर पहिली सर्व्हिसिंग करा, अधिकृत सेंटर कुठल्याही शहरातलं चालतं.

कॅरियरवर टाकणार असाल तर तुमची फुल पॉलिसी रस्त्याने नेताना झालेलं नुकसान भरून देते पण त्यावर क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून वेगळा ट्रान्झिट इन्शुरन्स काढा असं आम्ही सांगतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तो काढल्याशिवाय गाडी चढवूच नका, थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. गाडी ताब्यात देताना चारी बाजूंनी आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो काढा, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा आणि आत सामान भरू नका.

हैदराबाद, चेन्नई, दिल्लीला जाणाऱ्यांचे टॅक्सचे दर वेगळे असतात, त्यांनी गाडीची शोरूम किंमत, इंधन आणि तिथे किती महिने राहणार एवढं आम्हाला कळवावं, दोन्ही बाजूंचा हिशोब आम्ही कागदावर मांडून देतो, त्याचे पैसे घेत नाही.