चिठ्ठी दिली तरी आम्ही जादा प्रश्न का विचारतो?
आतड्यातले जिवाणू आणि तुमची औषधे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अँटिबायोटिकची चिठ्ठी पुढे केली की काउंटरवरून विचारणा होते : "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? रात्री चूर्ण घेता का? मध्यंतरी एखादा कोर्स झालाय का?" पेठेतल्या आमच्या काही जुन्या गिऱ्हाइकांच्या कपाळावर यामुळे आठ्या पडतात. "डॉक्टरांनी लिहिलंय ते द्या की!" असंही ऐकवलं जातं. म्हणून हा खुलासा.

पोटात गेलेल्या गोळीची गाठ आतड्यातल्या जिवाणूंशी पडते. या जिवाणूंची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या जवळपास बरोबरीची, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. काही औषधं त्यांच्यामुळेच कामाला लागतात, काही त्यांच्यामुळे वाया जातात.

सोनामुखीचंच घ्या. तिच्या पानातली सेनोसाइड नावाची द्रव्यं लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्यांना जोडलेली साखर तोडतात, तेव्हा कुठे पोट साफ करणारा खरा पदार्थ तयार होतो. रात्री घेतलेलं चूर्ण सकाळी काम करतं, त्याला सहा ते बारा तास लागतात, ते यामुळेच. अँटिबायोटिकने हे जिवाणू कमी झाले तर चूर्णाचा गुण कमी येऊ शकतो. अशा वेळी एक चमचा वाढवून बघू नका, आधी विचारा. आतड्याच्या सुजेवर आणि संधिवातावर दिली जाणारी सल्फासलाझिनची पिवळी-केशरी गोळीसुद्धा अशीच मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात आणि मगच ती लागू पडते.

उलट उदाहरण हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनचं. एगरथेला लेंटा नावाचा एक जिवाणू हे औषध निकामी करतो. साधारण दहातल्या एका रुग्णात औषधाचा मोठा हिस्सा असा वाया जातो, आणि डॉक्टर त्या मानाने डोस बसवतात. आता याच माणसाला घशासाठी अँटिबायोटिक दिलं आणि तो जिवाणू मेला, तर रोजचीच गोळी अंगावर येऊ शकते. अशा रुग्णांच्या रक्तातली डिगॉक्सिनची पातळी अँटिबायोटिकनंतर दुपटीपर्यंत गेल्याचं १९८१ सालीच नोंदवलं गेलं आहे. मळमळ, गरगरणं, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं अशी लक्षणं असतील तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

रक्त पातळ करण्याची गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल, चालू असेल तर आम्ही अधिकच खोदून विचारतो. आतड्यातले काही जिवाणू रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के तयार करतात. ते घटले, शिवाय काही अँटिबायोटिकमुळे यकृतात ही गोळी सावकाश मोडू लागली, की रक्त गरजेपेक्षा पातळ होतं. कोर्स सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी) करून घ्यायचं का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. हिरड्यांतून रक्त येऊ लागेपर्यंत वाट पाहायची नसते.

दुसरी बाजू अशी, की औषधंही या जिवाणूंना बदलतात, आणि तो मान फक्त अँटिबायोटिकचा नाही. जर्मनीतल्या हायडलबर्ग इथल्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये हजारावर औषधं आतड्यातल्या ४० प्रकारच्या जिवाणूंवर तपासली. माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकी सुमारे २४ टक्क्यांनी एका तरी जिवाणूची वाढ रोखली. 'पित्ताची गोळी' म्हणून मागितली जाणारी पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करते, त्यामुळे तोंडातले जिवाणू जिवंत आतड्यापर्यंत पोचतात आणि काही जंतुसंसर्गांचा धोका वाढतो. पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ही गोळी वर्षानुवर्षं घेणारे खूप आहेत. आम्हाला ते पटत नाही, विक्री आमचीच होत असली तरी. पण ॲस्पिरिनबरोबर संरक्षणासाठी दिली असेल तर मनाने बंद करू नका. साखरेच्या मेटफॉर्मिननेही जिवाणूंचं गणित बदलतं. सुरुवातीला पोट बिघडलं तर जेवणाबरोबर घ्या, आणि डोस हळूहळू वाढवण्याबद्दल किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

"मग सोबत प्रोबायोटिक द्या," असं काही गिऱ्हाइकं म्हणतात, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंची किंवा यीस्टची कॅप्सूल. द्यायला हरकत नाही, पण सरसकट नको. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असल्याने जिवाणू मारणाऱ्या अँटिबायोटिकने मरत नाही, लॅक्टोबॅसिलस हे जिवाणूच, म्हणून त्यांची कॅप्सूल आणि अँटिबायोटिक यांत मात्र दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. इस्रायलमध्ये २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात कोर्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. ताक-भात खुशाल खा, फक्त सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दूध-दह्याबरोबर गिळू नका, कॅल्शियम तिला धरून ठेवतं.

आतड्यातल्या जिवाणूंच्या महागड्या तपासण्यांबद्दलही विचारणा होते. त्या अहवालावरून तुमची गोळी ठरवावी इतकं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही. परदेशी लेखांतले आकडेही जपून वापरा : धान्य-डाळी-भाज्यांवर वाढलेल्या भारतीय पोटात प्रिव्होटेला हा जिवाणू पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनीही भारतीयांच्या या जिवाणूंवर काम केलं आहे.

अँटिबायोटिक चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत वारंवार पाण्यासारखे जुलाब, ताप, शौचातून रक्त असं काही झालं तर जुलाब थांबवायची गोळी आमच्याकडे मागू नका, आम्ही देणार नाही. थेट डॉक्टरांकडे जा.

येताना चालू औषधांच्या पट्ट्या आणा, चूर्ण-काढ्याची बाटलीसुद्धा. पट्टी कापून ठेवायची सवय असेल तर नाव आणि तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या. "ती छोटी पांढरी गोळी" एवढ्यावरून आम्हालाही ओळखता येत नाही.