पार्श्वभूमी: व्हिडिओ गेम दुर्मीळ होतो तो कसा

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतल्या डलासच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावसंस्थेत ‘सुपर मारिओ ६४’ या गेमची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने साधारण साडेअकरा कोटी रुपये. एका व्हिडिओ गेमने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे बातमी सगळीकडे झळकली. पण हा गेम मुळात विरळा नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या निन्टेन्डो ६४ या यंत्रासोबत १९९६ साली तो आला आणि जगभरात त्याच्या १ कोटी १० लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याचं सुटं कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची कॅसेट, अमेरिकेतल्या जुन्या गेमच्या दुकानांत आजही मिळतं. मग साडेअकरा कोटी कशाचे?

हे समजून घ्यायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं. जुन्या गेमचा दुर्मीळपणा कुणी ठरवून घडवलेला नाही. धंद्यातली घाई, फसलेले अंदाज, मागे घेतलेला माल आणि घरोघरी फेकून दिलेले पुठ्ठ्याचे खोके, यांतून तो आपसूक तयार झाला. त्याला मोल आलं ते फार नंतर, त्या काळातली मुलं कमावती झाल्यावर.

अटारी या अमेरिकी कंपनीचं २६०० हे गेम खेळायचं यंत्र १९७७ साली बाजारात आलं. कुणाचं कार्ट्रिज त्यात चालावं आणि कुणाचं नाही, हे रोखणारी काही सोयच त्यात नव्हती. १९७९ साली अटारीतूनच बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली, ती जोरात चालली, आणि मग जो तो या धंद्यात उतरला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा गेम काढणारी एक कंपनी विकत घेतली होती. काही कंपन्या एखादाच गेम काढून गडप झाल्या. मेन-ए-व्हिजन ही त्यातली एक. १९८२ चा ‘एअर रेड’ हा तिचा एकुलता एक गेम. निळ्या प्लास्टिकचं, वरच्या बाजूला टी आकाराची मूठ असलेलं त्याचं कार्ट्रिज एकदा पाहिलं की विसरत नाही. खेळायला तो अगदीच सामान्य आहे. तरी खोक्यासकट सापडलेली त्याची पहिली प्रत २०१० साली ३१,६०० डॉलरला विकली गेली.

१९८३ साली हा बाजार कोसळला. अमेरिकेतली सुमारे ३२० कोटी डॉलरची उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आली. दुकानांनी माल कवडीमोलाने काढला आणि जो निघेना तो परत पाठवला. अटारीने आपला पडून राहिलेला माल ट्रकमध्ये भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. गाजलेल्या चित्रपटावरून पाच आठवड्यांत उरकलेला आणि सपशेल आपटलेला ‘ई.टी.’ हा गेम त्यात होता, त्यामुळे अनेक वर्षं ही गोष्ट दंतकथेसारखी सांगितली गेली. २६ एप्रिल २०१४ रोजी तिथे खोदकाम झालं आणि सुमारे १,३०० कार्ट्रिजं वर आली. काही संग्रहालयांत गेली, एक स्मिथसोनियनमध्येही पोचलं. उरलेल्यांपैकी आठ-नऊशे गावच्या प्रशासनाने प्रमाणपत्रासह विकली आणि एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. ‘ई.टी.’चं साधं कार्ट्रिज आजही अगदी स्वस्तात मिळतं. मातीतून निघालेलं, चेपलेलं, बहुधा न चालणारं कार्ट्रिज मात्र कैकपट महाग. घेणाऱ्यांनी पैसे मोजले ते त्या खड्ड्याच्या इतिहासाचे.

या पडझडीचा धडा निन्टेन्डोने घेतला. १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टम) यंत्रात तिने कुलपाची चिप बसवली. परवाना नसलेलं कार्ट्रिज चालणार नाही, कार्ट्रिजं निन्टेन्डोच बनवणार, प्रकाशकाने आगाऊ पैसे भरून माल उचलायचा आणि वर्षाला पाचच गेम काढायचे, अशा तिच्या अटी होत्या. एका गेमवाल्या कंपन्यांचे दिवस संपले. आता गेम दुर्मीळ व्हायला वेगळी कारणं लागली. यंत्र म्हातारं झाल्यावर आलेले गेम हे त्यातलं सर्वांत साधं कारण. ‘लिटल सॅमसन’ १९९२ साली आला तेव्हा सुपर निन्टेन्डो हे पुढचं यंत्र आधीच दुकानात होतं. जुन्या यंत्राचा गेम, तोही अनोळखी नावाचा, कोण घेणार? थोड्याच प्रती निघाल्या. हा गेम खेळायलाही उत्तम आहे, म्हणून त्याची किंमत मला पटते.

माल मागे घेतला गेल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘स्टेडियम इव्हेंट्स’. बांदाई या जपानी कंपनीने १९८७ साली हा गेम अमेरिकेत आणला. जमिनीवर सतरंजीसारखा पट अंथरायचा आणि त्यावर जागच्या जागी धावायचं, उड्या मारायच्या, की पडद्यावरचा धावपटू धावतो. निन्टेन्डोला ही कल्पना इतकी आवडली की तिने अमेरिकेतले हक्कच घेऊन टाकले. पटाचं नाव ‘पॉवर पॅड’ झालं, गेमचं ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’, आणि जुन्या नावाचा माल दुकानांतून परत बोलावला गेला. त्याआधी जेवढ्या प्रती गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या तेवढ्याच मागे राहिल्या. त्या शे-दोनशेच असाव्यात, असा संग्राहकांचा अंदाज आहे. २०१० साली त्यातली एक सीलबंद प्रत ४१,३०० डॉलरला गेली. ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ मात्र पुढे यंत्रासोबतच्या एकत्रित कार्ट्रिजवर दिला गेला, त्यामुळे तो पैशाला पासरी. गेम तोच, धावपटू तेच. फरक आहे तो शीर्षकाचा आणि वेष्टनाचा.

काही कार्ट्रिजं तर विक्रीसाठी नव्हतीच. १९९० साली निन्टेन्डोने अमेरिकेतल्या २९ शहरांत ‘निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ भरवल्या. त्यासाठी खास कार्ट्रिज बनवलं. ६ मिनिटं २१ सेकंदांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ५० नाणी गोळा करायची, मग ‘रॅड रेसर’ची एक शर्यत पुरी करायची, आणि उरलेला सगळा वेळ ‘टेट्रिस’. रॅड रेसरच्या गुणांना १० ने गुणायचं, टेट्रिसच्या गुणांना २५ ने. त्यामुळे जाणकार मुलं पहिले दोन भाग झटपट उरकून टेट्रिस गाठायची. अंतिम फेरीत पोचलेल्या ९० जणांना हे करड्या रंगाचं कार्ट्रिज भेट मिळालं. त्याच्या दर्शनी बाजूला एक खाच आहे आणि तीतून बारीक स्विचांची रांग दिसते. खेळाची वेळ या स्विचांवर ठरते. दुकानात विकल्या जाणाऱ्या साध्या एनईएस कार्ट्रिजच्या अंगावर असं काही नसतं. याशिवाय सोनेरी रंगाची २६ कार्ट्रिजं ‘निन्टेन्डो पॉवर’ या मासिकाच्या वाचकांना बक्षीस म्हणून दिली गेली. दुर्मीळ शब्द खऱ्या अर्थाने कुणाला लागू पडत असेल तर या ११६ कार्ट्रिजांना. त्यांची संख्या कागदावर आहे, जन्माचं कारण स्वच्छ आहे, आणि त्यातल्या प्रत्येकामागे त्या वर्षी जिंकलेलं कुणी तरी आहे.

संग्राहकांच्या बोलण्यात तीन शब्द सतत येतात: लूज, सीआयबी आणि सील्ड. लूज म्हणजे नुसतं कार्ट्रिज. सीआयबी म्हणजे खोकं, पुस्तिका, आतले कागद, सगळं जागच्या जागी. सील्ड म्हणजे कधीच न उघडलेलं. तिन्हींच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि त्याला पुठ्ठा जबाबदार आहे. एनईएसची खोकी पातळ पुठ्ठ्याची होती. मुलं ती फाडायची, आया केरात टाकायच्या, भाड्याने गेम देणारी दुकानं ती कापून आतला कागद आपल्या प्लास्टिकच्या डब्यात घालायची. सेगाच्या मेगा ड्राइव्हचे गेम प्लास्टिकच्या डब्यात यायचे, म्हणून त्यांची वेष्टनं बरीच टिकली.

या खोक्यांच्या बारकाव्यांत शिरलं की संग्राहकांची चिकाटी कळते. एनईएस १९८५ च्या अखेरीस आधी फक्त न्यूयॉर्क भागात आणि मग लॉस एंजलिसमध्ये चाचणी म्हणून विकला गेला. तेव्हाच्या खोक्यांवर प्लास्टिकचं आवरण नव्हतं. झाकण एका लहान गोल काळ्या स्टिकरने चिकटवलेलं असायचं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची अशी स्टिकर शाबूत असलेली प्रत २०१९ साली १,००,१५० डॉलरला विकली गेली. नंतरच्या खोक्यांच्या पाठीला दुकानात टांगण्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी असायची, पुढे तीही गेली. १९८६ च्या ख्रिसमसला भेट म्हणून घेतलेली आणि टेबलाच्या खणात विसरून राहिलेली त्याच गेमची पट्टीवाली एक प्रत एप्रिल २०२१ मध्ये ६ लाख ६० हजार डॉलरवर पोचली.

नकला ओळखणं हा या छंदाचा दुसरा मोठा भाग. खोकं आणि लेबल हुबेहूब छापता येतं, म्हणून जाणकार कार्ट्रिज उघडून आतला बोर्ड बघतात. अस्सल बोर्डावर नाव आणि क्रमांक छापलेल्या, पाय असलेल्या चिपा दिसतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेली ‘कॅसेट’ ज्यांनी उघडून पाहिली असेल त्यांना आत काय होतं ते आठवेल: छोटासा बोर्ड आणि त्यावर काळ्या इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट झालेल्या राळेचा, एक गोळा. ती नकलेची खूण. भारतात निन्टेन्डोचं यंत्र ‘समुराई’ या नावाने मिळायचं. आयातीवरच्या निर्बंधांमुळे सुटे भाग आणून ते इथे जोडलं जाई. पण बहुतेक मुलांचे हात बसले ते ‘मीडिया’ नावाच्या कंपनीच्या ‘लिटल मास्टर’सारख्या नकली यंत्रांवर. ‘समुराई’चं खोकं कुणाच्या माळ्यावर असेल तर ते भंगारात घालू नये, असं मला मनापासून वाटतं. या भागातल्या गेमिंगच्या इतिहासाचे पुरावे फार तुटपुंजे आहेत आणि जे आहेत ते अशाच माळ्यांवर पडून आहेत.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतले संग्राहक जुन्या बाजारांत आणि वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत फिरायचे, हाताने याद्या करायचे. ‘डिजिटल प्रेस’सारख्या छोट्या नियतकालिकातून गेमना दुर्मीळपणाचे क्रमांक मिळू लागले. मग ईबे हे ऑनलाइन लिलावाचं संकेतस्थळ आलं आणि एका गावात मिळणारी वस्तू जगापुढे आली. ज्यांची गणना दुर्मीळ म्हणून व्हायची त्यातले कितीतरी गेम प्रत्यक्षात हजारोंनी निघाले, आणि काही गेम वर्षानुवर्षं दिसलेच नाहीत. तेव्हा खरी छाननी झाली.

पुढचं वळण दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांनी आणलं. डेन्व्हरमध्ये वाटा गेम्स २०१७ साली स्थापन झाली. ही कंपनी खोक्याला १० पैकी गुण देते, वरच्या प्लास्टिकला वेगळी अक्षरी श्रेणी देते आणि सगळं पारदर्शक कवचात बंद करते. नाणी आणि कॉमिक्समध्ये ही पद्धत जुनीच होती, आणि तिथला पैसा तिच्या मागोमाग आला. २०१९ च्या त्या मारिओच्या तीन खरेदीदारांपैकी एक हेरिटेजचे सहसंस्थापकच होते. ‘सुपर मारिओ ६४’चं कोडं इथे सुटतं. त्या प्रतीला ९.८ गुण आणि ए++ श्रेणी होती, आणि या दर्जाच्या पाचाहून कमी प्रती असल्याचं हेरिटेजने सांगितलं होतं. प्रती एक कोटीहून जास्त, पण त्या गुणांची प्रत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२१ मध्येच भाव फुगवल्याचे जाहीर आरोप झाले, २०२२ साली वाटाविरुद्ध ग्राहकांचा दावाही दाखल झाला. हेरिटेज आणि वाटा या दोन्ही कंपन्यांनी आरोप फेटाळले. २०२१ चे भाव मात्र पुढे टिकले नाहीत.

गुणांवर मोजलेला हा दुर्मीळपणा मला कमअस्सल वाटतो. ‘लेजंड ऑफ झेल्डा’ची एक प्रत जुलै २०२१ च्या त्याच लिलावात ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. ती १९८७ च्या अखेरच्या काही महिन्यांतल्या छपाईची, त्यामुळे दुर्मीळपणाला थोडा तरी ऐतिहासिक आधार आहे. पण त्या सोनेरी कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद जपणारी एक बॅटरी असते. इतक्या वर्षांत ती बहुधा संपलेली असणार. बदलायची तर सील फोडावं लागेल, आणि सील फोडलं की किंमत गेली. खेळण्यासाठी बनवलेली वस्तू कधीच खेळायची नाही, अशी ही अट आहे.

डिस्क-कार्ट्रिजच नसलेल्या गेमचं काय होतं तेही दिसू लागलं आहे. कोनामीने ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी ‘पी.टी.’ हा भयकथेचा छोटा गेम फुकट दिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये काढून टाकला. आधी घेतलेल्यांनाही तो पुन्हा उतरवता येईना. मग तो आत असलेली यंत्रंच चढ्या भावाने विकली जाऊ लागली. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत दिसलं की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा कुठेही अधिकृतपणे विकत मिळत नव्हते.

याच संस्थेने २०१८ च्या डिसेंबरमध्ये केलेलं एक काम मला सगळ्या लिलावांहून मोठं वाटतं. एनईएससाठी ‘सिमसिटी’ची आवृत्ती बनत होती. १९९१ च्या जानेवारीत ती एका प्रदर्शनात दाखवली गेली आणि मग रद्द झाली. तिची दोन नमुना कार्ट्रिजं जवळजवळ पंचवीस वर्षांनी उजेडात आली. संस्थेने त्यातला डेटा उतरवून घेतला, अर्धवट राहिलेल्या भागांचा अभ्यास करून टिपणं लिहिली आणि ती फाइल सगळ्यांसाठी खुली केली. कार्ट्रिजं ज्यांची होती त्यांचीच राहिली. निन्टेन्डोने कधीच न विकलेला तो गेम आता कुणालाही खेळता येतो.