मुलाची सवय आणि कंपनीची रचना

लातुरात दहावीनंतर ‘नीट’च्या तयारीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलाच्या हाती घरची माणसे पुष्कळदा बटनांचा साधा फोन देतात आणि स्मार्टफोन गावीच ठेवून घेतात. पुढे शिकवणीच्या सूचना, सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका आणि गुण व्हॉट्सॲपवर येऊ लागले की स्मार्टफोन पुन्हा मुलाच्या उशाशी येतो, ही गोष्ट वेगळी. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाच्या ग्रामपंचायतीने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. हे दोन्ही उपाय काळजीपोटी झालेले आहेत आणि दोन्हींमागे एकच गृहीतक आहे: दोष असलाच तर तो मुलात किंवा घराच्या शिस्तीत आहे. ज्या वस्तूपुढे मूल बसते ती कशी घडवली आहे आणि ती तशी घडवणाऱ्यावर काही कायदेशीर जबाबदारी येते का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयांसमोर येऊ लागला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी मेंदूविज्ञानाकडे जावे लागते.

मेंदूवैज्ञानिक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशींवर प्रयोग केले. अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी एकदम सक्रिय होत. दिव्याची उघडझाप झाल्यावर रस मिळतो हे माकडाला कळून चुकल्यावर त्या रसाऐवजी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही तर नेमक्या त्या क्षणी मंदावल्या. डोपामिनला आपण सर्रास ‘सुखाचे रसायन’ म्हणतो, पण या प्रयोगांतून दिसले ते असे की अपेक्षा आणि प्रत्यक्ष लाभ यांतील फरक मोजणारा तो एक संकेत आहे. २००३ मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. रस मिळण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे अनिश्चितता सर्वांत जास्त असते, तेव्हा संकेत दिसल्यापासून रस येईपर्यंतच्या काळात या पेशींची सक्रियता चढत जाऊन सर्वाधिक होते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी अधिक चिकाटीने कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून त्याआधी कित्येक दशके दाखवले होते. शुल्ट्झ यांच्या कामाने त्या वर्तनामागच्या पेशींचा ठावठिकाणा दिला.

आता रीलच्या पडद्याकडे पाहू. पुढची चित्रफीत कंटाळवाणी असेल की पोट धरून हसवणारी, हे बोट सरकवल्याशिवाय कळत नाही. पानाचा शेवट गाठल्यावर ‘पुढे जायचे का’ असा निर्णय घ्यावा लागे, तो थांबाही आता उरलेला नाही, कारण ॲझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये विकसित केलेले अखंड स्क्रोल आज जवळपास प्रत्येक ॲपमध्ये आहे. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाईक’चे बटन आले आणि बक्षीस सामाजिक झाले. टाकलेला फोटो आवडला का, किती जणांना आवडला, आणि ज्याच्याकडून दाद हवी होती त्याने तो पाहिला का, हे सगळे तपासण्यासाठी पुन्हा पुन्हा फोन उघडावा लागू लागला. त्यावर अल्गोरिदम बसवला की प्रत्येक मुलासाठी त्याच्या स्वतःच्या कमजोरीनुसार बेतलेली मांडणी तयार होते. ही मांडणी आपोआप घडलेली नाही. वापराचा वेळ कशाने वाढतो याच्या असंख्य चाचण्यांतून ती निवडली जाते.

किशोरवयात हे गणित अधिक विषम होते. लाभाला प्रतिसाद देणारा मेंदूचा अंतर्भाग वयात येताना जोमाने कामाला लागतो, तर आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वयोगटातील ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारख्या ॲपवरील छायाचित्रे मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात दाखवली. स्वतःच्या छायाचित्रावर भरपूर लाईक दिसले की लाभाशी निगडित केंद्र, म्हणजे न्यूक्लिअस अक्युम्बन्स, अधिक सक्रिय होत असे. शिवाय इतरांच्या छायाचित्राखाली लाईकचा आकडा मोठा असेल तर मुले स्वतःही ते अधिक वेळा पसंत करत, अगदी त्यात दारू किंवा सिगारेट असली तरीही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात त्या राज्यातील ग्रामीण शाळांमधील १६९ मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला गेला. बाराव्या-तेराव्या वर्षी दिवसातून अनेकदा सोशल मीडिया तपासणाऱ्या मुलांचा मेंदू सामाजिक बक्षीस आणि शिक्षा यांच्याबाबत वर्षागणिक अधिक संवेदनशील होत गेलेला आढळला. सवयीमुळे मेंदू बदलला, की तशा मेंदूच्या मुलांनाच ती सवय लागली, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

कंपन्यांचे वकील नेमके येथेच बोट ठेवतात आणि त्यांचे म्हणणे सगळेच टाकाऊ नाही. ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण केले तेव्हा डिजिटल साधनांचा वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध फार क्षीण निघाला. स्वास्थ्यातील फरकांपैकी जेमतेम ०.४ टक्के भाग त्याने उलगडत होता. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत व्हिडिओ गेमच्या विकाराला स्थान दिले आहे, सोशल मीडियाच्या व्यसनाला स्वतंत्र निदान म्हणून दिलेले नाही. तेव्हा ‘मोबाईलने पिढी बरबाद केली’ असे सरसकट विधान विज्ञानाच्या नावाने करता येणार नाही.

परंतु सरासरी क्षीण असली म्हणून प्रत्येक मुलाचे नुकसान क्षीण असते असे नाही, आणि कार्यकारणभाव शोधण्याच्या याहून चांगल्या पद्धती उपलब्ध आहेत. फेसबुक २००४ ते २००६ या काळात अमेरिकेतील महाविद्यालयांत एकाच वेळी न येता टप्प्याटप्प्याने आले, त्यामुळे ते आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या महाविद्यालयांची तुलना करता येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात फेसबुकच्या आगमनानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावल्याचे दिसले. त्याच वर्षी हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोन हजार प्रौढ अमेरिकनांवरील प्रयोगातून असा अंदाज काढला की सोशल मीडियाच्या वापरापैकी ३१ टक्के वापर स्वतःवर ताबा न राहिल्यामुळे होतो. प्रौढांची ही स्थिती असेल तर पंधरा वर्षांच्या मुलाकडून निग्रहाची अपेक्षा कितपत ठेवावी, हे वाचकांनीच ठरवावे.

अमेरिकेत कंपन्यांची मोठी ढाल म्हणजे १९९६ च्या कायद्यातील कलम २३०. इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी मंचाला प्रकाशक मानू नये, असे ते सांगते. या ढालीला महत्त्वाची चीर पडली ती व्यसनाच्या नव्हे, अपघाताच्या प्रकरणात. स्नॅपचॅटवर गाडीचा वेग चित्रावर दाखवणारी एक सोय होती. २०१७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात तीन तरुण ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने जाताना झाडावर आदळून मृत्युमुखी पडले. त्यांच्यापैकी एकाने अपघाताच्या थोडेच आधी ती सोय सुरू केली होती. मे २०२१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की पालकांची तक्रार कोणाच्या मजकुराबद्दल नसून कंपनीने घडवलेल्या वस्तूच्या रचनेबद्दल आहे, म्हणून कलम २३० तिच्या आड येत नाही. त्याच वर्षी फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी उघड केलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून, इन्स्टाग्राममुळे काही मुलींच्या मनातील स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी वाढते हे कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवले होते, असे बाहेर आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३३ राज्यांनी मिळून फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्याविरुद्ध दावा दाखल केला. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुले, पालक आणि शाळा यांच्या एकत्रित दाव्यांत प्रत्येक सोय वेगळी काढून तपासली. काहींना कलम २३० चे संरक्षण मिळाले, तर वयाची ढिली पडताळणी, अपुरी पालक-नियंत्रणे आणि खाते बंद करण्याची किचकट वाट यांसारख्या मुद्द्यांवर दावा पुढे चालू राहिला. मला ही सावकाश, सोयवार तपासणीची पद्धत सरसकट वयोबंदीपेक्षा अधिक योग्य वाटते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे हे खरे, पण सोळावा वाढदिवस उलटलेल्या मुलापुढे येणारी वस्तू तीच राहते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर पोहोचवणाऱ्या मंचाला, संरक्षण देते, मात्र त्यातील एक अट अशी की मध्यस्थाने संदेश कोणाला जावा हे स्वतः निवडलेले नसावे. कोणती रील कोणत्या मुलापुढे न्यायची हे अल्गोरिदमच ठरवत असेल तर ही अट पाळली गेली का, असा युक्तिवाद येथे करता येतो. दुसरी वाट ग्राहक कायद्याची, आणि मराठवाड्याला ती बियाण्यांमुळे परिचयाची आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे निगमच्या प्रकरणात सांगितले होते की शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, त्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवला नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. नमुना तपासून घेणे कंपनीला शक्य होते. व्यसनाच्या तक्रारीतही पुराव्याची अडचण अशीच आहे. मुलाने काय पाहिले, किती वाजता त्याला नोटिफिकेशन पाठवले गेले, कोणत्या चाचणीत त्याला सामील केले होते, हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर असते. आईवडिलांकडे फक्त घसरलेले गुण आणि उडालेली झोप असते.

मात्र ही वाट उंबरठ्यावरच अडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष रचनेबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारे स्वतंत्र प्रकरण आणले, पण त्यातील उत्पादनाची व्याख्या घन, द्रव किंवा वायुरूप वस्तूंभोवती फिरते आणि मोफत दिलेली सेवा कायद्याच्या कक्षेतून वगळलेली आहे. शेतकऱ्याने पिशवीचे पैसे मोजलेले असतात; रील पाहणारा मुलगा आपला वेळ आणि माहिती देतो, ज्यावर कंपनी जाहिराती विकते, पण कायद्याच्या लेखी त्याने काहीच दिलेले नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे १३ प्रकार जाहीर केले, त्यांतही अखंड स्क्रोल नाही. रचनेतून व्यसन लावले जाते ही कल्पना आपल्या संसदेला अपरिचित आहे असेही नाही, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत अशा अल्गोरिदमांचा उल्लेख आहे.

उरतो तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे कलम ९ अठरा वर्षांखालील मुलाच्या वर्तनाचा माग ठेवण्यास, त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास आणि त्याच्या स्वास्थ्याला बाधा येईल अशा रीतीने त्याची माहिती वापरण्यास मनाई करते. माहितीचा माग काढता आला नाही तर प्रत्येक मुलासाठी बेतलेला फीड तयार करणेच अवघड होईल, म्हणून हे कलम व्यसनाच्या मुळाशी जाणारे आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. अडचण आहे ती मूल ओळखण्याची. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेले आईबाप आजीजवळ फोन ठेवून जातात, त्यातले सिमकार्ड बापाच्या नावावर असते, खाते चुलत्याने उघडून दिलेले असते आणि पाहणारी असते सातवीतली मुलगी. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो आणि पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांतील ७६ टक्के मुलांनी तो सोशल मीडियासाठी वापरला होता, त्यांच्यापैकी कित्येक जण कंपनीच्या नोंदीत प्रौढ असणार.

कलम ९ मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, परंतु तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. माहितीच्या हलगर्जी हाताळणीबद्दल नुकसानभरपाई देऊ करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ याच नव्या कायद्याने वगळले जात आहे. उपचारांवर खर्च केलेल्या लातूरच्या कुटुंबाला भरपाई मागायची असेल तर त्याला दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा लावून, कंपनीच्या ताब्यातील नोंदी मिळवण्यासाठी आधी वेगळा अर्ज करावा लागेल. ग्राहक कायद्यातील ‘मोफत’चा अपवाद माहितीच्या बदल्यात मिळणाऱ्या सेवांपुरता काढून टाकला तर तीच तक्रार जिल्हा ग्राहक आयोगासमोर उभी राहू शकेल.