कोमातलं बाळ आणि मेंदूमृत बाळ

"कोमातच आहे ना? मग उठेल की कधीतरी." ठाण्यात मुलांच्या आयसीयूत काम करताना हे किती वेळा ऐकलंय. कळवा, दिवा, घोडबंदर, माणसं कुठूनही आलेली असोत. चूक त्यांची नाही. 'मेंदूमृत' म्हणायला आमचीच जीभ रेटत नाही, मग आम्ही 'खोल कोमा' म्हणून मोकळे होतो.

दिसायला दोन्ही बाळं सारखीच. अंग गरम, मॉनिटरवर ठोके, छाती वर-खाली. पण कोमातल्या बाळाच्या मेंदूचं थोडंफार काम चालू असतं. टॉर्च मारला की डोळ्यातली बाहुली आकसते, घशात नळी सरकवली की ठसका येतो, नाहीतर निदान श्वासाची धडपड असते. मेंदूमृत बाळात यातलं काहीच उरलेलं नसतं आणि परत येणारही नसतं. व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून छाती हलते. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही, ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालतं.

सगळ्यात फसवतो तो पाय. एक आजी नातवाच्या तळव्याला खोबरेल चोळत होत्या, तेवढ्यात पाय आखडला. "बघा, ओळखलं मला!" तो झटका मज्जारज्जूचा होता, मेंदूपर्यंत काही पोचलंच नव्हतं. हे त्यांना कसं सांगायचं?

मोठ्या माणसात हा फरक ठरवणं त्यामानाने सोपं. तान्ह्याची टाळू भरलेली नसते, कवटीचे सांधे सैल असतात. मेंदू सुजला तरी आतला दाब तितका चढत नाही, त्यामुळे मेंदू निकामी होऊनही थोडा रक्तप्रवाह दिसू शकतो आणि स्कॅन गोंधळात टाकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात काही प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया, मुळात तयारच झालेले नसतात. झटके थांबवायला दिलेलं फिनोबार्बिटोन नवजात अंगातून कित्येक दिवस उतरत नाही, आणि औषधाच्या गुंगीतलं बाळ हुबेहूब मेंदूमृत दिसतं. अंग गार पडलं असेल तर आधी ऊब द्यायची, मगच तपासणी.

शेवटची कसोटी श्वासाची. व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि उघड्या छातीकडे टक लावून बघायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत, आणि सुरुवातीपेक्षा निदान २० ने चढूनही छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. मशीन लावलेलं असताना बघून चालत नाही. नळीतल्या गळतीने, कधी हृदयाच्या धक्क्यानेही ते चाळवतं आणि बाळानेच श्वास घेतलासं वाटतं.

अवयवदानासाठीच्या १९९४च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, आणि दोन तपासण्यांत किमान ६ तासांचं अंतर. लहान मुलांत डॉक्टर त्याहून जास्त थांबतात. अमेरिकेतल्या २०११च्या निकषांत नवजाताला २४ तास आणि महिन्यावरच्या मुलांना १२ तास होते. "खात्री आहे तर थांबता कशाला?" असं वडील विचारतात, तेव्हा मी टाळूचं आणि औषधाचं सांगते. पहिल्या तपासणीनंतर 'खोल कोमा' हा शब्द मात्र आता तोंडातून काढत नाही.